हयातीचा दाखला

नोव्हेंबर लागला की आमच्या तात्यांना हयातीचा दाखला द्यायला तालुक्याला न्यावं लागायचं. तात्या म्हणजे माझे थोरले चुलते. मराठा लाइट इन्फन्ट्रीतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले, पण गावात सगळे त्यांना मेजर म्हणत. साताऱ्याकडं ही रीतच आहे. पलटणीतून आलेला माणूस शिपाई असो नाहीतर सुभेदार, गावासाठी तो मेजरच.

मशीनवर त्यांचा अंगठा उमटायचा नाही. आल्याच्या वाफ्यात आयुष्य गेल्यानं बोटांवरच्या रेषा झिजून गेल्या होत्या. मशीन चालवणारा पोरगा भला होता. तो म्हणायचा, "तात्या, हात धुऊन या." तात्या बाहेरच्या नळावर हात धुवायचे, धोतराच्या सोग्याला पुसायचे, परत अंगठा टेकवायचे आणि मशीन परत नाही म्हणायचं. एका वर्षी तीन हेलपाटे झाले. शेवटी डोळ्याचं मशीन आणून बुबुळावरून ओळख पटली आणि कागद बाहेर आला. तात्यांनी तो चौघडी करून बंडीच्या आतल्या खिशात ठेवला आणि म्हणाले, "झालं. अजून हाय मी."

त्या कागदावर नाव होतं, पेन्शनचा नंबर होता, तारीख होती. पेन्शन भलत्याच्या हातात जाऊ नये म्हणून एवढी माहिती पुरते आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण परतीच्या वाटेवर दर वर्षी एकच विचार मनात यायचा आणि तात्या गेल्यापासून तो अधिकच टोचतो. म्हातारा सैनिक जिवंत आहे का, हे आपण न चुकता दर नोव्हेंबरात विचारतो. तो काय जगला, हे विचारायला मात्र त्याच्या दारात कुणी जात नाही. ते विचारणं आणि त्याचं उत्तर त्याच्याच आवाजात जपून ठेवणं हे सार्वजनिक काम आहे. ते घरच्यांच्या सवडीवर सोडता येणार नाही, असं मला ठामपणे वाटतं.

आपल्या आठवणीचा साचा कसा आहे ते बघा. यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव या दोघांचा जन्म नोव्हेंबर १९२१ मधला, दोन दिवसांच्या अंतरानं. घाडगे कोकणातल्या माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे, जाधव तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातले. दोघेही पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीत गेले, दोघेही दुसऱ्या महायुद्धात इटलीत लढले आणि दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक, मिळाला. १० जुलै १९४४ ला टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात घाडगे यांच्या तुकडीतले सगळे मशीनगनच्या माऱ्यात पडले. नाईक घाडगे एकटेच पुढे धावले. हातबॉम्बनं त्यांनी मशीनगन बंद पाडली, एकाला गोळी घातली आणि काडतुसं भरायला वेळ नव्हता म्हणून बंदुकीच्या दस्त्यानं उरलेल्या दोघांना लोळवलं. तिथंच त्यांना गोळी लागली. वय बावीस. माणगावात त्यांचा पुतळा आहे. इटलीतल्या मोंतोने गावानं २०२३ मध्ये त्यांच्या नावानं सूर्यघड्याळाचं स्मारक उभारलं. हे व्हायलाच हवं होतं.

नामदेव जाधव ९ एप्रिल १९४५ ला सेनिओ नदीवर होते. कंपनीचे निरोप्या. एका जखमी साथीदाराला उचलून खोल पाण्यातून, उभ्या बांधावरून आणि सुरुंगांच्या पट्ट्यातून त्यांनी मागं आणलं. मग परत जाऊन दुसऱ्या जखमीला आणलं. त्यानंतर मशीनगनच्या तीन ठाण्यांवर एकट्यानं हल्ला केला. हाताला गोळी लागून बंदूक चालवता येईना, तेव्हा हातबॉम्ब टाकले. शेवटी बांधाच्या माथ्यावर उभं राहून शिवाजी महाराजांचा जयजयकार केला आणि बाकीच्यांना हात करून पार बोलावलं. त्यानंतर ते १९८४ पर्यंत जगले, म्हणजे त्या दिवसानंतर एकोणचाळीस वर्षं. पण त्यांच्याविषयी जे लिहिलं-बोललं जातं ते बहुतेक त्या एका दिवसापाशी सुरू होतं आणि तिथंच संपतं. सुरुंगांच्या पट्ट्यातून दोनदा आरपार गेलेला माणूस पुढं चार दशकं कसा झोपला, काय स्वप्नं बघितली, रानात पाऊल टाकताना त्याला काय वाटायचं, हे कुणी विचारायला हवं होतं. तो होता आपल्यात. आपली भाषा बोलत होता.

रामा राघोबा राणे यांचंही तेच. कारवारजवळच्या चेंडियाचा हा माणूस, बॉम्बे सॅपर्सचा, म्हणजे सैन्यातल्या अभियंत्यांच्या पलटणीचा सेकंड लेफ्टनंट. एप्रिल १९४८ मध्ये काश्मीरच्या लढाईत नौशेरा-राजौरी रस्त्यावर सुरुंग काढण्याची आणि वाट मोकळी करण्याची जबाबदारी त्यांच्यावर होती. पहिल्याच दिवशी तोफगोळ्याच्या माऱ्यात त्यांची माणसं गेली आणि ते स्वतः जखमी झाले, पण मागं फिरले नाहीत. रणगाड्याच्या पोटाखालून सरपटत, हातातल्या दोरानं चालकाला थांब आणि चल अशा खुणा करत त्यांनी रणगाडे पुढं नेले. ८ ते ११ एप्रिल, हे चार दिवस. १२ तारखेला सैन्य राजौरीत होतं. जिवंतपणी परमवीर चक्र मिळालेले ते पहिले. कारवारच्या किनाऱ्यावर त्यांचा पुतळा आहे. एका तेलवाहू जहाजाला त्यांचं नाव होतं आणि २०२३ पासून अंदमानातल्या एका बेटालाही आहे. ते वारले ११ जुलै १९९४ ला, पुण्यात, वयाच्या ७६ व्या वर्षी. त्या चार दिवसांनंतरची सेहेचाळीस वर्षं त्यांनी काढली. पुतळ्यात चार दिवस आहेत. सेहेचाळीस वर्षं पुतळ्यात मावत नाहीत, त्यांना शब्दच लागतात.

मेलेल्याचा मान कमी करा, असं मी चुकूनही म्हणत नाही. साताऱ्याजवळ अपशिंगे मिलिटरी नावाचं गाव आहे. पहिल्या महायुद्धात त्या एका गावातली ४६ माणसं गेली. त्यांच्या स्मरणार्थ उभारलेल्या शिळेपुढं उभं राहिलं की घशात आवंढा येतो. पण त्या ४६ जणांबरोबर जे गेले आणि परत आले, त्यांनीच ते गाव पुढं चालवलं. त्यांनी पोरांना पुन्हा भरतीला पाठवलं किंवा नाही पाठवलं, आणि ज्यांची माणसं आली नाहीत अशा शेजारणींच्या डोळ्याला डोळा भिडवून आयुष्य काढलं. आपण का वाचलो, हा प्रश्न घेऊन ते म्हातारे झाले असतील. हे सगळं त्यांच्याबरोबर गेलं.

पलटणीतला जवान फार तरुणपणी परत येतो, हे शहरातल्या माणसांच्या लक्षात येत नाही. पंधरा वर्षांची नोकरी झाली की पेन्शन लागू होते. अठराव्या वर्षी भरती झालेला शिपाई पस्तीस-अडतिसाव्या वर्षी काळी ट्रंक घेऊन एसटीतून उतरतो. ट्रंकेवर पांढऱ्या रंगात नंबर, हुद्दा, नाव. बाकीच्यांची कारकीर्द ज्या वयात रंगात येते, त्या वयात हा माजी होतो. आमचे तात्या १९५६ मध्ये भरती झाले, १९७६ मध्ये घरी आले आणि २०२३ मध्ये पंच्याऐंशीव्या वर्षी गेले. वीस वर्षं पलटण आणि सत्तेचाळीस वर्षं माजी सैनिक. माजी या शब्दात आयुष्याचा एवढा मोठा तुकडा बसवायचा आणि त्याच्याकडं पाहायचंही नाही, हे मला पटत नाही.

त्या सत्तेचाळीसातली चौदा वर्षं त्यांनी पुण्यात एका बँकेच्या दारावर रखवालदारी केली. तिथं येणाऱ्या कुणाला माहीत असेल की बंदूक घेऊन स्टुलावर बसलेला हा माणूस दोन लढाया करून आलाय? नंतर गावी आले. पहाटे पाचला भरतीच्या पोरांना सडकेवर पळवायचे, सोळाशे मीटर, हातात घड्याळ. पोरांकडून कधी पैसा घेतला नाही. पावसाळ्याआधी विहिरीत पावडर कोण टाकणार, याची वाट न बघता स्वतः टाकायचे. भावकीतली बांधावरची भांडणं त्यांच्या ओट्यावर मिटायची, कारण ते दोन्ही बाजूंचं शेवटपर्यंत ऐकून घ्यायचे आणि मग एकदाच बोलायचे. पलटणीनं गावाला हे परत दिलेलं होतं. पश्चिम महाराष्ट्रातल्या गावागावांत असा एखादा तरी मेजर असतो आणि त्याचा हिशोब कुठल्याच वहीत नसतो.

आणि काकू. नवरा वीस वर्षं पलटणीत असताना जिनं घर, म्हातारी सासू, दोन म्हशी आणि तीन पोरं सांभाळली. १९७१ च्या सगळ्या हिवाळ्यात तिला नवऱ्याचा पत्ता एवढाच माहीत होता: नंबर, नाव, पलटण, मार्फत ५६ एपीओ. त्या पत्त्यात गाव नसतं, जिल्हा नसतो, राज्य नसतं. सैन्याच्या डाकेचा तो आकडा. ती मला एकदा म्हणाली, "मला वाटायचं छप्पन हे गावाचंच नाव आहे." पत्र वाचायला शाळेतल्या मास्तरांकडं जायची, त्यामुळं नवऱ्यानं काय लिहिलंय ते तिच्याआधी मास्तरांना कळायचं. डिसेंबरात तीन आठवडे पत्र आलं नाही. पोस्टमन वाड्यावरून पुढं गेला की ती दाराआड जाऊन उभी राहायची. सैनिकाच्या आठवणी नोंदवायच्या म्हटलं तर या बाईचं बोलणं आधी नोंदवायला हवं. युद्ध तिनंही काढलंय.

निवृत्तीनंतर तात्यांचे सत्कार पुष्कळ झाले. स्वातंत्र्यदिन, प्रजासत्ताक दिन, १६ डिसेंबरचा विजय दिन, शाळेचं स्नेहसंमेलन, कुणाच्या तरी वाढदिवसाचा कार्यक्रम. शाल, श्रीफळ, गुलाबाचं फूल. ते गेल्यावर काकूनं कपाट उघडलं तेव्हा एकोणीस शाली निघाल्या, बऱ्याचशा घडीसुद्धा न मोडलेल्या. त्यातल्या अनेक कार्यक्रमांना मी हजर होतो. तात्या मंचावर पहिल्या रांगेत, पाठ ताठ, दोन्ही हात गुडघ्यांवर. पाहुणे देशभक्तीवर चाळीस मिनिटं बोलायचे आणि देशासाठी खरोखर उभा राहिलेला माणूस ते ऐकत बसायचा. माइक त्यांच्यापुढं एकदाही आला नाही. शाल देणाऱ्यांच्या मनात आदर होता याबद्दल मला शंका नाही. पण आदर आणि ऐकणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत आणि आपण पहिलीवर समाधान मानलं आहे.

ज्यांना लिहिता येतं ते लिहितात. लेफ्टनंट जनरल शंकरराव थोरात यांचं उदाहरण घ्या. पूर्व विभागाचे सेनापती असताना मार्च १९६० मध्ये लखनौला त्यांनी 'लाल किला' नावाचा युद्धसराव घडवला आणि चीननं हल्ला केला तर आपली ठाणी कशी कोसळतील ते मांडून दाखवलं. १९६१ मध्ये ते निवृत्त झाले आणि पुढच्याच वर्षी तसंच घडलं. ते १९९२ पर्यंत जगले आणि इंग्रजीत आत्मचरित्र लिहून गेले, म्हणून आज आपल्याला त्या इशाऱ्याची हकीकत त्यांच्या बाजूनं वाचता येते. सेनापतीला पुस्तक मिळतं. त्या कोसळलेल्या ठाण्यात बसलेल्या शिपायाला काय मिळतं? लढाई नकाशावर कशी दिसली हे वाचायला मिळतं. खंदकातून ती कशी दिसली, थंडीनं बोटं बंदुकीला कशी चिकटली, जेवण किती दिवसांनी आलं, हे ज्याला माहीत आहे तो चौथी-सातवी शिकून भरती झालेला होता. तो लिहिणार नाही. तो बोलेल, समोर कुणी बसलं तर.

शत्रूनं मात्र ऐकलं होतं. पहिल्या महायुद्धात जर्मनांनी पकडलेले हिंदी सैनिक बर्लिनजवळ वुन्सडॉर्फच्या छावणीत होते. तिथं जर्मन भाषातज्ज्ञ आवाज मुद्रित करायचं यंत्र घेऊन गेले आणि त्यांनी या कैद्यांना त्यांच्या त्यांच्या भाषेत बोलायला लावलं. त्यांना भाषांचे नमुने हवे होते, कैद्यांची दया आली म्हणून काही ते गेले नव्हते. तरी डिसेंबर १९१६ मध्ये मल्ल सिंग नावाचा पंजाबी शिपाई त्या भोंग्यापुढं उभा राहून आपल्या मुलखाची, खाल्लेल्या लोण्याची आणि घरी परतायच्या ओढीची गोष्ट सांगतो आणि ती आज शंभरहून अधिक वर्षांनी ऐकता येते. ती तबकडी बर्लिनच्या विद्यापीठाच्या संग्रहात जपलेली आहे. त्याच वर्षी इराकात कूत-अल-अमाराच्या वेढ्यात आपली सहावी पुणे डिव्हिजन उपाशी अडकली होती. तिच्यात १०३ वी, ११० वी आणि ११७ वी या तीन मराठा पलटणी होत्या. ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६ वेढा चालला, मग शरणागती आणि मग तुर्कांच्या कैदेतली वाळवंटातली पायपीट. त्यातून जे जगून सातारा-रत्नागिरीला परत आले, त्यांच्या गावात त्यांच्यापुढं यंत्र घेऊन कुणी बसलं नाही. वेढ्यात खावं लागलेल्या घोड्याच्या मांसाबद्दल ते काय म्हणाले असते? ते खाताना देवाला काय सांगितलं असेल? ही माणसं माझ्या आजोबांच्या पिढीला भेटलेली होती. इतक्या जवळून ती निसटली.

काहीजण म्हणतात, म्हाताऱ्यांना बोलायचंच नसतं, उगाच जखमा कशाला उकरायच्या. हे खरं आहे आणि याचा मान राखायलाच हवा. हॅरी पॅच नावाचे इंग्रज सैनिक १९१७ मध्ये बेल्जियममधल्या पासचेंडेलच्या चिखलात लढले. त्यांचे तीन जिवलग सोबती एका गोळ्यानं गेले. घरी येऊन त्यांनी नळजोडणीचं काम केलं, लग्न केलं आणि वयाची शंभरी गाठेपर्यंत लढाईबद्दल चकार शब्द काढला नाही. शंभराव्या वर्षी कुणीतरी नीट विचारलं, तेव्हा बोलले. त्यानंतर अकरा वर्षं जगले, १११ व्या वर्षी २००९ मध्ये गेले, आणि त्या अकरा वर्षांत त्यांनी जे सांगितलं त्यात बढाईचा लवलेश नव्हता. युद्धाइतकं व्यर्थ काही नाही, हे त्यांनी पुन्हा पुन्हा सांगितलं. बोलायचं नाही असं वाटणाऱ्याला बोलतं करू नये. पण विचारलंच नाही म्हणून गप्प राहिलेला आणि बोलायचं नाही म्हणून गप्प राहिलेला, यांत फरक आहे, आणि विचारल्याशिवाय तो कळत नाही.

दुसरा आक्षेप अभ्यासकांचा असतो. आठवण चुकते. तारखा सरकतात, ऐकलेलं आणि पाहिलेलं यांची सरमिसळ होते. होतेच. तात्या एका नदीचं नाव तीन वेळा तीन तऱ्हांनी सांगायचे. पण तारखा आणि नद्या पलटणीच्या दप्तरात आहेत, त्या तिथून घ्याव्यात. दप्तरात जे नसतं त्यासाठी माणूस लागतो.

आमच्या घरातलीच एक गोष्ट सांगतो. तात्या रोज रात्री झोपण्याआधी पाय धुवायचे, मग कोरड्या फडक्यानं पुसायचे. नुसते पुसायचे नाहीत. एकेक बोट बाजूला करून दोन बोटांमधली जागा कोरडी करायचे, दोन्ही पायांची, सावकाश. पाहुणे आले असले, उशीर झाला असला, अंगात ताप असला तरी. आम्ही पोरं ते बघतच मोठी झालो आणि म्हाताऱ्याचा चाळा म्हणून सोडून दिलं. तसंच ते चुरमुऱ्यांना मुडी म्हणायचे. "जरा मुडी आण वाटीत." घरात सगळे त्यांना हसायचे, तेही हसायचे. हा शब्द कुठला, हे पन्नास वर्षांत कुणी विचारलं नाही.

ते चौऱ्याऐंशीचे असताना मी पहिल्यांदा विचारलं. त्यांनी सांगितलं ते असं. १९७१ ला पूर्वेकडं चाल करून जाताना सगळा मुलूख पाण्याचा, नाले, खाड्या, भाताची ओली रानं. आठ दिवस बूट काढला नव्हता. नवव्या दिवशी एका खेड्यात थांबले तेव्हा काढला, आणि मोज्याबरोबर कातडी आली. शेजारच्या जवानाचे पाय त्याहून वाईट होते, त्याला उचलून मागं न्यावं लागलं. तात्या एका घराच्या पडवीत बसून होते. घरातली माणसं पळून गेली होती, एक म्हातारी तेवढी मागं राहिली होती. तिनं एका सुपात चुरमुरे आणून त्यांच्यापुढं ठेवले आणि म्हणाली, "मुडी." ती एवढा एकच शब्द बोलली. मग तिनं स्वतःच्या पदरानं त्यांच्या पायाची बोटं पुसायला सुरुवात केली. एकेक बोट बाजूला करून.

पन्नास वर्षं तो माणूस रोज रात्री आमच्यासमोर ही गोष्ट सांगत होता आणि आम्ही बघत होतो.

म्हणून माझी मागणी साधी आहे. १९७१ मध्ये जो वीस वर्षांचा होता तो २०२६ मध्ये पंचाहत्तरचा आहे. १९६५ चा एक्क्याऐंशीचा, १९६२ चा चौऱ्याऐंशीचा. हे आकडे दर वर्षी वर सरकणार आणि मग थांबणार. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयांकडं माजी सैनिकांच्या आणि वीरपत्नींच्या नोंदी आहेत. तालुक्याच्या कॉलेजात इतिहास शिकणारी मुलं-मुली आहेत आणि त्यांच्या प्रत्येकाच्या खिशात आवाज टिपणारा फोन आहे. नोव्हेंबरात हे म्हातारे तसेही घराबाहेर पडतात, दाखल्यासाठी रांगेत बसतात. त्याच महिन्यात विद्यापीठांनी आपली मुलं गावोगाव पाठवावीत. घरी जाऊन, चहा घेऊन, दोन-तीन बैठकांत बोलणं टिपावं, त्याच्या बोलीत, दुरुस्त न करता. किती शत्रू मारले हे विचारू नये. भरतीला कुणाबरोबर गेलात, बेळगावच्या मराठा पलटणीच्या केंद्रात पहिली रात्र कशी गेली, घरचं पहिलं पत्र कुणी वाचून दाखवलं, परत आल्यावर पहिल्या महिन्यात काय केलं, अजून कुणाचा चेहरा आठवतो, असं विचारावं. घरच्या बाईला वेगळं बसवून विचारावं, कारण नवऱ्यासमोर ती बोलणार नाही. आणि हे मुद्रण जिल्ह्याच्या ग्रंथालयात सगळ्यांना ऐकता येईल असं ठेवावं. आजही गुप्त राखण्यासारखं काही असेल तर सैन्यानं ते तपासून बाजूला काढावं. पायाच्या बोटांत काही गुप्त नसतं. खर्च म्हणाल तर एका मोठ्या सत्कार समारंभाच्या मांडवाइतकासुद्धा येणार नाही.

सांगलीकडचे मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कायमचे जायबंदी झाले आणि १९७२ मध्ये हायडलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये पन्नास मीटर पोहून भारतासाठी सुवर्णपदक घेऊन आले, ३७.३३ सेकंदांत, विश्वविक्रमी वेळेत. पद्मश्री मिळाली २०१८ मध्ये. मधली सेहेचाळीस वर्षं देशातल्या बहुतेकांना त्यांचं नावही माहीत नव्हतं. त्यांच्या नशिबानं आणि आपल्या सुदैवानं ते दीर्घायुषी निघाले. सगळे तितके थांबू शकत नाहीत.

२०२२ पासून अग्निवीर येऊ लागले आहेत. चार वर्षांची नोकरी, त्यातल्या चौथ्या हिश्श्याला पुढं कायम होण्याची संधी. बाकीचे पंचविशीच्या आत-बाहेर घरी येतील. ती योजना बरी की वाईट हा वेगळा वाद आहे आणि मी तो इथं घालत नाही. पण त्या पोरांच्या वाट्याला माजी म्हणून पन्नास-साठ वर्षं येणार आहेत. गावानं, समाजानं माजी सैनिकाच्या उरलेल्या आयुष्याकडं कसं बघायचं हे आताच ठरवलं नाही, तर ती वर्षंही अशीच नोंदीविना जातील.

माझ्याकडं तात्यांच्या आवाजाची सतरा मिनिटं आहेत. पायाची आणि मुडीची गोष्ट त्यातच आहे. मागं कुत्रं भुंकतंय, काकू भांडी घासतेय, मधेच एक ट्रॅक्टर जातो. सोळाव्या मिनिटाला मी विचारतो, त्या म्हातारीचं पुढं काय झालं. ते थोडं थांबतात, खाकरतात. म्हणतात, "दुसऱ्या दिवशी आम्ही निघालो तवा ती..." आणि तेवढ्यात घरातला बल्ब लागतो. ते ऐकू येत नाही, पण मला माहीत आहे, कारण लगेच त्यांचा आवाज बदलतो. "थ्री फेज आली वाटतं. थांब, मोटर टाकून येतो, आल्याला पाणी द्यायचंय." खाट करकरते, चपला वाजतात. मी मुद्रण बंद केलं, आणि सकाळच्या पहिल्या गाडीनं पुण्याला आलो.